लेबल खरवडलेल्या रेकॉर्डी

1972 मध्ये आफ्रिका खंडाची फुटबॉल स्पर्धा कॅमेरूनमध्ये भरली होती. त्या निमित्ताने मनू दिबांगो या कॅमेरूनी सॅक्सोफोनवादकांनी स्पर्धेचं गीत केलं आणि रेकॉर्डची मागची बाजू रिकामी राहू नये म्हणून तिथे 'सोल मकोसा' नावाचं दुसरं गाणं भरलं. स्पर्धागीत आज कुणाला आठवत नाही. मागची बाजू मात्र ब्रुकलिनमधल्या एका वेस्ट इंडियन रेकॉर्डच्या दुकानात डेव्हिड मॅन्कुसो या डीजेच्या हाती लागली. मॅन्कुसो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, स्वतःच्या राहत्या जागेत, निमंत्रितांसाठी रात्रभराचा नाच भरवायचा. 'द लॉफ्ट' म्हणून ती जागा पुढे गाजली. तिथून गाणं रेडिओवर गेलं, शहरात प्रती मिळेनाशा झाल्या, मिळत नाहीत म्हणून इतरांनी भराभर नकला काढल्या, आणि अखेर अटलांटिक कंपनीने हक्क घेऊन मूळ रेकॉर्ड अमेरिकेत आणली. 1973 मध्ये ती बिलबोर्डच्या यादीत 35 व्या क्रमांकापर्यंत चढली.

इथवर गोष्ट गोड आहे. 1982 मध्ये मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मधल्या पहिल्याच गाण्यात 'सोल मकोसा'चं पालुपद थोडं बदलून आलं, दिबांगोंचं नाव मात्र आलं नाही. प्रकरण पैसे देऊन मिटवलं गेलं. 2007 मध्ये रिहानाच्या 'डोन्ट स्टॉप द म्युझिक'मध्ये तेच पालुपद पुन्हा आलं. परवानगी विचारली ती जॅक्सनला. दिबांगो 2009 मध्ये पॅरिसच्या कोर्टात गेले, दावा टिकला नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोविडने ते गेले.

देशोदेशीच्या नाचगाण्यांचं वेड लागलेल्या क्लब डीजेविषयी गेली पन्नास वर्षं जो वाद चालू आहे, तो सगळा या एका रेकॉर्डमध्ये सापडतो. हा माणूस कोण म्हणायचा? जाणकार रसिक, की परक्याच्या मालावर पोट भरणारा अडत्या? दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि मला दोन्हींत एकच खोट दिसते. दोघंही असं धरून चालतात की कुठेतरी दूर एखाद्या वस्तीत अस्सल, निर्भेळ संगीत आधीपासून असतं आणि शहरी डीजे तिथे मागाहून पोचतो. इतिहास बघितला तर त्या वस्तीतलं संगीतही बहुतेक वेळा कुणा डीजेनेच, परक्या रेकॉर्डच्या प्रेमात पडून घडवलेलं निघतं.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कार्ताहेना आणि बारांकिया ही दोन बंदरं आहेत. तिथल्या गरीब वस्त्यांत 'पिको' असतात. पिको म्हणजे भडक रंगांत चितारलेले अवाढव्य स्पीकर, प्रत्येकाचं स्वतःचं नाव, स्वतःचे चाहते, आणि शेजारच्या पिकोशी हाडवैर. 1970 च्या दशकात या बंदरांवर जहाजांतून आफ्रिकन रेकॉर्डी येऊ लागल्या: काँगोतल्या, नायजेरियातल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या. भाषा कुणाला कळत नव्हती, पाय मात्र थांबत नव्हते. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. म्हणून पिकोवाले काय करायचे, तर आणलेल्या रेकॉर्डवरचं लेबल खरवडून काढायचे, कव्हर नाहीसं करायचे आणि गाण्याला आपल्या मनचं स्पॅनिश नाव ठेवायचे. लोक वर्षानुवर्षं एखाद्या गाण्यावर नाचले, पण गाणारा किन्शासाचा की लागोसचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे स्थानिक गायकांनी त्याच चालींवर आणि त्याच वळणाच्या गिटारवर आपली स्पॅनिश गाणी रचली. त्याला चंपेटा म्हणतात, आणि आज तो कार्ताहेनाचा अभिमान आहे. म्हणजे मूळ कलाकाराचं नाव पुसण्याचं पाप युरोप-अमेरिकेच्या डीजेंनी शोधून काढलेलं नाही. ते गरिबांच्या वस्तीत, गरिबांनीच, धंद्यातल्या चुरशीपोटी केलं, आणि त्यातून एक नवं संगीत जन्मलं. हा गुंता सोडवल्याशिवाय कुणालाही चोर ठरवायची घाई करू नये असं मला वाटतं.

रिओ द जानेरोची कथा याच वळणाची. 1980 च्या दशकात तिथले डीजे मायामीहून बेसवाल्या रेकॉर्डी आणायचे. नाचणाऱ्यांना इंग्रजी येत नसल्याने ते ऐकू येईल तसे पोर्तुगीज शब्द त्यावर बसवून गायचे. 1989 मध्ये डीजे मार्लबोरोने 'फंक ब्राझील' काढून पोर्तुगीज बोलांची गाणी रेकॉर्डवर आणली, आणि पुढच्या दशकात मायामीच्या ठेक्याची जागा 'तांबोरझाओ' या घरच्या ठेक्याने घेतली. अंगोलात यादवी चालू असताना लुआंडामध्ये टोनी अमादोने युरोपातलं टेक्नो आणि हाऊस ऐकून कुदुरो उभा केला. त्याचा नाच त्याला कसा सुचला? 'किकबॉक्सर' या 1989 च्या चित्रपटात जाँ-क्लोद व्हॅन डॅम दारू पिऊन नाचतो तो प्रसंग बघून. आफ्रिकेच्या मातीतून उगवलेला आदिम ताल वगैरे लिहिणाऱ्यांनी हा तपशील भिंतीवर चिकटवून ठेवावा.

लंडनमध्ये 29 जून 1987 रोजी 'एम्प्रेस ऑफ रशिया' या पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली आणि दुकानात हा सगळा माल कुठल्या खान्यात ठेवायचा यावर चर्चा करून 'वर्ल्ड म्युझिक' ही पाटी ठरवून उठली. त्या पाटीने अनेकांची घरं चालली, हे खरं. पण तिच्याखाली जे आलं ते बहुतेक खुर्चीत बसून ऐकण्याचं होतं. कुदुरो किंवा रिओचा फंक त्या खान्यात बसणं शक्यच नव्हतं, कारण तो स्वस्त संगणकावर केलेला, कर्कश, कमरेखालचे विनोद करणारा आणि कमालीचा आधुनिक होता. तो जगभर नेला तो क्लबच्या डीजेने.

आता या डीजेचं हात चालवणं जरा जवळून बघू. टेक्निक्स कंपनीच्या नेहमीच्या टर्नटेबलवर वेग कमीजास्त करायला उजवीकडे एक सरकती पट्टी असते. ती वर-खाली दोन्हीकडे आठ टक्के सरकते. शिवाय 45 आणि 33 फेऱ्यांची दोन बटणं. समजा शिकागोची 45 वर वाजवायची हाऊस रेकॉर्ड मिनिटाला 125 ठोक्यांची आहे. ती 33 वर लावली की ठोके 92-93 वर येतात; पट्टी पूर्ण पुढे सरकवली की बरोबर शंभर. आवाज जड होतो, बेस पोटात उतरतो, गायिकेचा गायक होतो. वर्णद्वेषी राजवट संपत असताना जोहान्सबर्गच्या आसपासच्या वस्त्यांत डीजेंनी परदेशी हाऊस असंच मंद केलं, वर झुलू, सोथो आणि रस्त्यावरच्या मिश्र बोलीतले शब्द चढवले, आणि क्वाइतो झाला.

वेग कमी करणं हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात फलदायी खोडसाळपणा असावा. मेक्सिकोतल्या माँतेरेमध्ये गाब्रिएल दुएन्येस या 'सोनिदेरो'चं, म्हणजे स्पीकर-रेकॉर्डी घेऊन वस्तीत नाच लावणाऱ्याचं, यंत्र एका रात्री तापलं आणि मोटर मंदावली. कोलंबियन कुंबिया रडत-रेंगाळत वाजू लागली. लोकांनी ती बंद करू दिली नाही. त्यातून 'कुंबिया रेबाहादा' आली. 2019 च्या 'या नो एस्तोय आकी' या चित्रपटात तिच्यावर नाचणाऱ्या पोरांचं जग दिसतं. बेल्जियममध्ये 1987 च्या सुमारास 'फ्लेश' नावाची 45 ची रेकॉर्ड डीजेने 33 वर, पट्टी पूर्ण पुढे ठेवून वाजवली आणि न्यू बीट सुरू झाला. वॉशिंग्टनजवळ 2009 मध्ये डेव्ह नाडाने शाळा बुडवून जमलेल्या पोरांच्या पार्टीत एक डच हाऊसचं गाणं 108 ठोक्यांवर आणलं, कारण पोरं रेगेटोन ऐकत होती आणि त्यांचा नाच त्याला मोडायचा नव्हता. त्याचं नाव मूंबाटोन पडलं. हे शेवटचं प्रकरण दोन-चार वर्षांत विरलंही. सगळ्याच युक्त्या बाळसं धरत नाहीत.

वेगाची दुसरी टोकंही आहेत. टांझानियात दार-ए-सलामच्या वस्त्यांतली सिंगेली मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वरच असते, कधी तीनशेच्या घरात जाते. नवख्याला वाटेल यंत्र बिघडलं. पण 220 ठोक्यांची सिंगेली आणि 110 ठोक्यांचा दक्षिण आफ्रिकी अमापियानो एकमेकांवर बिनचूक बसतात, कारण एक दुसऱ्याची दुप्पट आहे. हे ज्याच्या कानाला आधी सुचतं, त्याच्या हातून मंद, तेलकट अमापियानोमधून एकदम सिंगेली फुटते आणि सगळी खोली उसळते. जुळवाजुळवीची आणखी एक किल्ली आहे. टेबलावर आठ सारखे ठोके मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या ठोक्यावर जोर द्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. जमैकाच्या डान्सहॉलमधून पनामा आणि प्वेर्तो रिकोमार्गे रेगेटोनमध्ये गेलेला डेंबो हा ठेका या मोजणीवर उभा आहे. कुदुरोत हीच मोजणी आहे, रिओच्या तांबोरझाओत आहे, त्रिनिदादच्या सोकातही आहे. गुलामांच्या जहाजांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जे वाटलं, ते डीजे दोन टर्नटेबलांवर पुन्हा जवळ आणतो. त्याच्या वेडाला मी ज्ञान म्हणतो ते यासाठी.

नुसता शोधक म्हणून मात्र त्याची आरती ओवाळायचं कारण नाही. 'दुर्मीळ ठेवा शोधून आणला' ही भाषा डीजेंच्या जाहिरातपत्रकांत फार असते. पण लुआंडात नवं गाणं चालणार की पडणार हे 'कांदोंगेइरो' नावाच्या निळ्या-पांढऱ्या मिनीबस ठरवायच्या. चालकाने लावलं, उतारूंनी मान डोलावली, की झालं. पुढे डर्बनमध्ये ग्कॉम या नाचसंगीताचं तेच झालं. झोपायच्या खोलीत, फुकट मिळवलेल्या सॉफ्टवेअरवर केलेली गाणी व्हॉट्सॅपवरून टॅक्सीवाल्यांकडे जायची आणि टॅक्सीतून शहरभर. लंडन किंवा बर्लिनच्या डीजेला कळायच्या आत लाखभर लोक त्यावर नाचलेले असतात. त्याने शोधलं असं म्हणायचं असेल तर स्वतःपुरतं म्हणावं.

आता हिशेबाची वही. 2004-05 च्या सुमारास फिलाडेल्फियाचा डीजे डिप्लो आणि श्रीलंकन तमिळ घरातली लंडनची गायिका एम.आय.ए. यांनी रिओचा फंक इंग्रजी कानांपर्यंत नेला. तिचं 'बकी डन गन' हे गाणं डेइझे तिग्रोना या रिओच्या गायिकेच्या 'इंजेसाओ'वर बेतलेलं होतं. डेइझेच्या गाण्यातली तुतारी मुळात 'रॉकी' चित्रपटाच्या संगीतातून उचललेली. आणि रॉकी फिलाडेल्फियाचा! म्हणजे फिलाडेल्फियाचा सूर रिओला जाऊन फिलाडेल्फियाच्या डीजेकडे परत आला. या साखळीत पहिला चोर कोण हे ठरवणं व्यर्थ आहे. पण साखळीतल्या कुणाला दौरे मिळाले, कुणाला बंगले मिळाले आणि कोण आपल्या वस्तीतच राहिलं, हे ठरवणं अजिबात अवघड नाही. उसनवारी सगळेच करतात. परतफेड कुणाकडून वसूल होते, यात फरक पडतो.

कधी ती होतेही. डर्बनच्या डीजे लॅगचं 'आइस ड्रॉप' अमेरिकेत 'कल्चर' नावाच्या गाण्यात जवळपास जसंच्या तसं वापरलं गेलं. बोभाटा झाल्यावर त्या गाण्याचा निर्माता विल.आय.अॅम याने 2021 मध्ये जाहीर माफी मागितली. जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने 1989 मध्ये केलेल्या ठेक्यातून डेंबो निघाला असं म्हणत 2021 मध्ये अमेरिकेत खटला भरला गेला. त्यात रेगेटोनची हजारावर गाणी ओढली गेली आहेत. या खटल्याबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. स्टीली-क्लीव्हींना आयुष्यभरात मिळायला हवं होतं त्यातलं फार थोडं मिळालं, हे उघड आहे. पण ठेक्यावर मालकी ठरली तर उद्या कार्ताहेना, लुआंडा किंवा रिओच्या एखाद्या पोराने नवं काही करायचं कसं?

मला पटतो तो मार्ग लिस्बनचा आणि कंपालाचा. लिस्बनच्या बाहेर अंगोला, केप व्हर्दे, साओ तोमेहून आलेल्यांच्या सरकारी वसाहती आहेत. तिथल्या पोरांनी कुदुरोला आपलं वळण दिलं. प्रिन्सिपे या कंपनीने 2011 मध्ये डीजे मार्फॉक्सच्या रेकॉर्डपासून सुरुवात केली आणि ती पोरं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने, शहराच्या मध्यावरच्या क्लबमध्ये वाजवू लागली. त्यांची गाणी दुसऱ्याने वाजवावीत एवढ्यावर गाडी थांबली नाही. युगांडात 'न्येगे न्येगे' हा 2015 पासूनचा महोत्सव आणि त्याची रेकॉर्ड कंपनी हेच करतात. सिंगेली बाहेर गेली ती 2017 च्या त्यांच्या 'साउंड्स ऑफ सिसो' या संग्रहातून, दार-ए-सलामच्या ज्या स्टुडिओत ती घडते त्याचंच नाव घेऊन. ही कंपनी चालवणारे दोघे संस्थापक युरोपातून आलेले आहेत, यावरून टीकाही होते. टीका रास्त आहे. तरी सिसो स्टुडिओची पोरं विमानात बसली, हे मी जमेच्या बाजूला धरतो.

आपल्याकडे श्रेयाच्या या प्रश्नाची दोन टोकं हाताशी आहेत. एक गोवा. 1980 च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर लॉरां, फ्रेड डिस्को, कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल असे परदेशी डीजे रात्र रात्र वाजवायचे. बेल्जियमचा न्यू बीट आणि जर्मनीचं इलेक्ट्रॉनिक संगीत घेऊन, त्यातलं गाणं कापून नुसता ताल ठेवून, कॅसेटवर. रेकॉर्डी उन्हात वाकतात म्हणून पुढे डॅट टेप आल्या. त्यातून 'गोवा ट्रान्स' झाला आणि इस्रायलपासून जपानपर्यंत गेला. या संगीतात मांडो नाही, दुलपद नाही, कुणबी गीत नाही. चटया टाकून, दिवा लावून चहा विकणाऱ्या गावच्या बायका त्या रात्रींत होत्या, पण रेकॉर्डवर गोव्यातलं आलं ते फक्त नाव. कार्ताहेनात संगीत राहिलं आणि नावं गेली. इथे उलट झालं.

दुसरं टोक मुंबईचं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि तशी रेकॉर्ड काढली. ती खपली नाही. एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती 2002 मध्ये दिल्लीत मिळाली, 2010 मध्ये पुन्हा निघाली, आणि ऐकणारे चाटच पडले. शिकागोत 303 च्या त्याच आवाजातून अॅसिड हाऊस उभं राहिलं ते 'अॅसिड ट्रॅक्स' या 1987 च्या रेकॉर्डपासून. मग चरणजितना अॅसिड हाऊसचे जनक म्हणायची टूम निघाली. ती मला मान्य नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काही पुरावा नाही. दोघांच्या हाती एकच यंत्र आलं, इतकंच. पण जनक नसले म्हणून काम लहान ठरत नाही. भैरवातला कोमल रिषभ 303 वर घसरताना ऐका. म्हातारपणी ते युरोपात कार्यक्रम करून आले आणि 2015 मध्ये मुंबईत वारले. मधली वीस वर्षं मुंबईत त्यांच्या या रेकॉर्डबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या असत्या, तर डच माणसाची वाट बघावी लागली नसती.

आणि ही चूक आपण सध्या, दररोज, पुन्हा करत आहोत. गणपती आणि जयंतीच्या मिरवणुकांत टेम्पोवर चढवलेल्या बॉक्सच्या भिंतीतून जे वाजतं ते ऐकून घ्या. हलगी मिक्स, संबळ मिक्स, नाशिक ढोल मिक्स, आगरी-कोळी मिक्स. खालचा बेस पार बदललेला, हलगीचा तुकडा कापून घुमवलेला, मध्येच थांबून 'प्रेशर' देणारा, आणि दर मिनिटाला करणाऱ्याचं नाव प्रतिध्वनीसह. ते नाव दुसरा कुणीतरी कापतो आणि आपलं घालतो; पिकोवाले खरवडायचे त्याचीच ही नवी पद्धत. आवाजाबद्दल माझी तक्रार आहेच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांत आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. पण आवाजाच्या भांडणात संगीतही निकालात काढलं जातं. इजिप्तमध्ये लग्नाच्या मांडवांतून वर आलेल्या महरगानातवर तिथल्या संगीतकार संघटनेने 2020 मध्ये बंदी घातली, तेव्हा बोलण्याचा सूर असाच होता: हे संगीतच नव्हे. उलट रिओ राज्याने 2009 मध्ये कायदा करून फंकला लोकसंस्कृतीचा दर्जा दिला. पोलिसांचे छापे त्याने थांबले नाहीत, तरी कागदावर एक नोंद झाली.

मुंबई-पुण्याच्या क्लबांत अमापियानो आणि फंक हौसेने वाजवणाऱ्या डीजेंना म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. रात्री वाजवलेल्या गाण्यांची यादी, करणाऱ्याचं नाव आणि गाव यांसह, जाहीर करा. ऐकणाऱ्यांनी ती हक्काने मागावी. आणि लुआंडा-डर्बनसाठी जो कान लावता, तो एकदा सांगली, कोल्हापूर, पनवेलच्या मिरवणुकीतही लावा. हे मिक्स कुणी केले, कुठल्या साली, कुठल्या यंत्रावर, कुणाची हलगी घेऊन, हे टिपून ठेवा; करणारी पोरं आज विशी-पंचविशीत आहेत आणि विचारलं तर सांगतील. विद्यापीठांच्या लोककला विभागांनी हे काम आपलं मानलं तर उत्तमच, नाही तर ज्याच्याकडे फोन आहे त्याने रेकॉर्ड करून, नाव-गाव लिहून ठेवावं.